परड्यात बी टाकायच्या आधी घागरी मोजा

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात. आमच्या माणदेशात थंडीच्या मागोमाग पाणीही पळतं. त्यामुळं इकडचा वसंत म्हणजे चित्रातली फुलं-बिलं नव्हेत. कडुनिंबाला मोहोर येतो, शेवग्याच्या शेंगा लोंबतात आणि विहिरीचा तळ दिसायला लागतो, तिन्ही एकाच पंधरवड्यात.

आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. नवऱ्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी १९ वर्षं तमिळनाडूत काढली आणि २०१६ साली गावी परतलो. तिकडं दारात नळ होता. त्याच सवयीनं पहिल्या चैत्रात मी भेंडी, टोमॅटो, मेथी, दहा कोंबड्या आणि तीन शेळ्या असा सगळा संसार एकदम मांडला. आत्याबाई (माझ्या सासूबाई) ओट्यावर बसून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "घागरी मोजल्यास का गं?" मोजल्या नव्हत्या. अखितीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) मेथी करपली, टोमॅटोची फुलं गळून गेली आणि एक शेळी विकावी लागली. गावी परतून परडं मांडायचं मनात असेल, तर तुम्ही तरी तसं करू नका.

सुरुवात बेरजेनं करा. उन्हाळ्यात एका शेळीला दिवसाला ५ ते ७ लिटर पाणी लागतं, कोंबडीला पाव लिटर, कडक उन्हात अर्ध्या लिटरपर्यंत. दोन शेळ्या आणि दहा कोंबड्या धरल्या तर १९ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या घागरीनं सव्वा घागर. हे पाणी पिण्याचं, स्वच्छच हवं. भाजीला मात्र न्हाणीचं आणि भांड्यांचं सांडपाणी चालतं. आमच्या घरी चार माणसं, तेव्हा ते रोजचं ८० लिटरच्या आसपास निघतं आणि टँकरवर आलो की निम्म्यावर येतं. हिशोब त्या निम्म्याचाच करायचा. वेलाच्या एका आळ्याला दिवसाआड ४ लिटर धरले तर बारा आळ्यांना रोजचे २४ लागतात. उरलेले १६ शेवग्याला आणि केळीला. म्हणून माझ्याकडं आळी बाराच. तेरावं करायचा मोह दर वर्षी होतो.

न्हाणीचं पाणी थेट आळ्यात सोडू नका. मी मोरीच्या तोंडाशी हातभर खड्डा काढून त्यात खडी आणि वाळू भरली, कडेनं कर्दळ लावली. साबणाचा फेस तिथंच बसतो आणि कर्दळ वर्षभर हिरवीगार.

बेरीज झाली की कुंपण. शेळी पाळणाऱ्यानं कुंपणाआधी भाजी लावली तर ती भाजी शेळीसाठीच लावली म्हणायची. बाभळीच्या काट्या दाबून लावल्या तरी काम भागतं. शेराचं कुंपण टिकाऊ, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. फांद्या तोडताना लहान पोरं लांब ठेवा.

मग सावली. आमचं पहिलं खुराडं पत्र्याचं होतं, माझ्या खांद्याएवढं उंच, पश्चिमेकडं तोंड केलेलं. तीन आठवड्यांची चौदा पिल्लं त्यात कोंडून मी लग्नाला गेले. कुत्र्या-मुंगसाची भीती होती, उन्हाची आठवणच झाली नाही. संध्याकाळी दार उघडलं तर नऊ पिल्लं पंख पसरून पडलेली, पाण्याचं भांडं कोरडं आणि हात लावला तर चटका बसेल असं तापलेलं. आता खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे ऊन सरळ आत घुसत नाही. दोन लांब बाजूंना जाळी, छप्पर माणसाच्या डोक्याच्या वर. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून दुपारी त्यावर तांब्याभर पाणी मारते. आणि पत्र्याच्या हातभर वर दुधीचा मांडव चढवलाय. वेलाला आधार, कोंबड्यांना सावली. माझ्या सगळ्या परड्यात एवढी एकच अक्कल मला स्वतःची वाटते.

भाजीत काय लावायचं? दुधी, दोडका, गवार, भेंडी, चवळी आणि पालेभाजीत तांदुळजा. ही ऊन सोसणारी मंडळी. टोमॅटो आणि मेथी चैत्रात नकोच. कोथिंबीर हवीच असेल तर वेलाच्या सावलीत चार बोटांचा पट्टा पेरा. वेलभाज्यांची रोपं करून हलवायच्या भानगडीत पडू नका, मुळं दुखावली की वेल रुसतो. शिवरात्र झाली की जागेवरच बोटाच्या एका पेराएवढं खोल बी टोका. एका आळ्यात चार, उगवल्यावर धडधाकट दोन ठेवायची. भेंडीचं बी रात्रभर भिजवा.

आळ्याच्या मधोमध मी मडकं पुरते. साधं, रंग न दिलेलं, ६ ते ८ लिटरचं, गळ्यापर्यंत जमिनीत, वर झाकण. रंग दिलेला किंवा चकचकीत माठ घेऊ नका, तो पाझरत नाही. घ्यायच्या आधी रात्रभर भरून ठेवा. सकाळी बाहेरून गार आणि ओलसर लागलं तर ते मडकं कामाचं. बी मडक्यापासून वीतभर अंतरात टोकायचं, म्हणजे मुळं आपणहून ओलाव्याकडं जातात. या मडक्यात मात्र सांडपाणी नको, चरबी आणि साबणानं त्याची भोकं बुजतात. बारा आळ्यांपैकी पाचच मडक्यांची आहेत, तेवढंच स्वच्छ पाणी माझ्याजवळ उरतं. बाकी आळ्यांवर चार बोटं जाड पाचट.

आता दोडक्याचं. दुसऱ्या वर्षी वेल मांडवभर पसरला, पिवळीधम्मक फुलं, आणि दोडका एक नाही. कळीमागं बोटभर हिरवा दोडका दिसायचा आणि चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. मी खत टाकलं, ताक शिंपडलं, शेवटी शिव्याही घातल्या. मी फुलं बघायला जायचे सकाळी. आत्याबाई म्हणाल्या, दिवे लावायच्या वेळेला ये. गेले. उन्हं उतरली होती, शेळ्या नुकत्याच परतल्या होत्या, आणि दोडक्याच्या कळ्या बघता बघता उलगडत होत्या. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात. घोसाळं, कारलं आणि लाल भोपळा पहाटे. आमच्याकडं चैत्रातल्या संध्याकाळी माशी-भुंगा कमीच. आत्याबाईंनी एक नर फूल तोडलं, पाकळ्या मागं मुडपल्या आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या टोकावर हळूच फिरवला, कुंकू लावावं तसा. मादी फूल ओळखायचं ते देठाशी असलेल्या त्या चिमुकल्या दोडक्यावरून. नराचा देठ नुसता बारीक. त्या संध्याकाळी आम्ही अकरा फुलांना पराग लावला आणि त्यातले आठ दोडके धरले. हे काम आता मी रोज चहा झाल्यावर करते, दहा मिनिटांचं आहे.

कोवळ्या पानांवर लाल भुंगे आले तर पहाटे दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरा. फळमाशीनं डंख मारलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका, त्यातल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्याच होतात. मी ती गोळा करून पाण्याच्या बादलीत बुडवते, आणि कोंबड्या जवळ असतील तर बादलीही लागत नाही.

कोंबड्या गावरान घ्या, निदान पहिल्या वर्षी. अंडी कमी देतात, पण खुडूक होतात, पिल्लं स्वतः सांभाळतात आणि घारीची सावली पडली की ओरडून परडं डोक्यावर घेतात. खुडूक कोंबडी शिवरात्रीला अंड्यांवर बसवली तर २१ दिवसांनी, बरोबर रंगपंचमीला पिल्लं निघतात, आणि वैशाखाच्या आत अंगावर पिसं धरतात. उशीर केला तर अंडीच दगा देतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका, खोलीतल्या उष्म्यानं आतला गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. तोवर अंडी माठाच्या बुडाशी ओल्या वाळूवर पाटी ठेवून त्यात ठेवायची. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. आत्याबाई विषमच ठेवतात आणि वळवाच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडी खिळा टाकतात. खिळ्याचं मला ठाऊक नाही, पण टोपलीखालची वाळू ओली ठेवायची त्यांची रीत मात्र खरी कामाची. कोरड्या हवेत अंड्याच्या आतलं पातळ कातडं चिवट होतं आणि पिल्लू फोडता फोडता दमतं.

सातव्या रात्री अंडी तपासा. स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा, मोबाइलची बॅटरी लावायची, मुठीत अंडं धरून त्याचं रुंद टोक उजेडावर टेकवायचं. रिकामं अंडं नुसतं पिवळसर उजळतं, कंदिलाच्या काचेसारखं. जिवाच्या अंड्यात लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसतं आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका. क्षणभर हात स्थिर धरलात तर तो ठिपका हलतो. माझा नातू दर वेळी श्वास रोखून बघतो, जणू त्याच्या श्वासानं तो थांबेल. रिकामी अंडी काढून टाका, कोंबडीची ऊब वाया जात नाही. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही.

पिल्लांना पहिले काही दिवस बारीक मक्याचा भरडा. सोबत वाळवी. रात्री मडक्यात ओलं गोणपाट आणि थोडं शेण कोंबून ते वारुळाजवळ पालथं घालते. सकाळी आत वाळवीचा थर असतो, पिल्लं तुटून पडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, लासोटा नावाची, एक थेंब डोळ्यात. ती बाटली शंभराच्या वर पिल्लांची येते आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या गल्लीतल्या बाया एकाच आठवड्यात कोंबड्या बसवतात, लस बर्फाच्या डब्यात एकत्र आणतात. दोन महिन्यांची झाली की मानमोडीचंच इंजेक्शन, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

शेळ्या पहिल्या वर्षी दोनच. बाजारात दात बघून घ्या. दोन दाती म्हणजे सव्वा-दीड वर्षाची, पुढं बरीच वर्षं हाताशी. कास दोन्ही बाजूंनी मऊ आहे का, गाठ नाही ना, ते स्वतः दाबून बघा, विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. चारा जमिनीवर टाकला तर निम्मा तुडवून ठेवते आणि आपल्याकडं तुच्छतेनं बघते, म्हणून पाला उंचावर टांगायचा. शेवरी, हादगा, बाभळीच्या शेंगा, तुरीचं भुसकट आणि छाटलेला शेवगा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. आणि कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना पुन्हा फुटलेले कोवळे कोंब दिसले तर शेळी तिकडं फिरकूसुद्धा देऊ नका. त्यात विष असतं, त्याची बाधा होते (किराळ लागते म्हणतात ती) आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

दसऱ्याच्या सुमारास फळलेली शेळी होळीच्या आगेमागे विते, पाच महिन्यांचा हिशोब. करडू पडलं की नाक-तोंड पुसा, नाळ दोन बोटं ठेवून बांधून कापा, आयोडीन लावा, आणि अर्ध्या तासात चीक पाजा. आमच्याकडं जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजू नये असं अजून मानतात. जार पडायला सहा-आठ तासही जातात आणि तोवर उपाशी राहिलेलं करडू मान टाकतं. या एका बाबतीत मी आत्याबाईंचंही ऐकलं नाही. करडू चोखायला लागलं की जारही लवकर सुटतो, हे त्यांनीच पुढं दोन वेताला पाहिलं. बारा तासांत नाही पडला तर ओढू नका, डॉक्टरला बोलवा.

कोंबडीची ओली विष्ठा झाडाला थेट घालू नका. मी मिरचीला घातली होती, आठवड्यात पानं कडेनं जळली. दोन-तीन महिने पाल्याबरोबर कुजवा. लेंडी तेवढी तापट नाही, पण तीही मुरवूनच. चैत्रात लावलेला ढीग मृगाला तयार होतो.

मे महिन्यात, वळीव यायच्या आत, शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या, पहिल्यांदाच असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पावसाचं कोवळं गवत खाऊन हा रोग उठतो. त्याच सुमारास मांडवावरचा एक देखणा दुधी बियासाठी ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवायचं की तो भाजीचा नाही. साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की उतरवायचा. आमचा या वर्षीचा खुराड्याच्या दारावरच लोंबतोय. कोंबडा रोज सकाळी बाहेर पडताना त्याला डोकं आपटतो, आणि आत्याबाई ओट्यावरून म्हणतात, "वाजला गं, पण अजून नाही."