पेशवाईच्या चित्रपटासाठी कापड विणून घेताना: तयारीची यादी

विणकराला पहिला फोन करण्यापूर्वी दिग्दर्शकाकडून कथेचे साल लिहून घ्यावे. ‘पेशवाई’ हे उत्तर चालत नाही. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि पेशवाई १८१८ मध्ये संपली. एवढ्या काळात पुण्याचे वैभव, बाजार आणि पोशाखाची चाल सारेच बदलत गेले. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांची कारकीर्द १७६७ ते १७९५. तेव्हा १७४० सालच्या प्रसंगात महेश्वरी लुगडे दिसले तर ती चूकच, ते कितीही शोभून दिसत असले तरी. सालावरून काय वापरायचे यापेक्षा काय वापरायचे नाही हे लवकर कळते. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला तो १८५६ मध्ये, त्यामुळे रसायनी झळाळीचा जांभळा बाद. सुताला कॉस्टिकची प्रक्रिया करण्याचे पेटंट मर्सरने घेतले ते १८५० मध्ये, त्यामुळे आज सर्रास मिळणारे चमकदार मर्सराइज्ड सूतही बाद. यंत्राने नक्षी उमटवणारे जकार्ड फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आले, म्हणजे आपल्याकडची नक्षी तेव्हा जाळ्यावर, म्हणजे मागाला बांधलेल्या नक्षीच्या दोऱ्यांवर, किंवा हाताने धाग्याची एकेक कांडी फिरवून उमटत असे. हे सारे एका कागदावर लिहून निर्मात्याची सही घ्यावी, कारण मधेच कोणीतरी ‘नायिकेला जरा जांभळे काही’ अशी मागणी करतोच.

पुरावे जमवताना चित्रांवर पूर्ण विसंबू नये. जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात काढलेली सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे उत्तम आहेत, मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रेही पाहावीत. परंतु चित्रातून कापडाचा पोत कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वस्त्र पाहावे लागते, आणि ते उलट्या बाजूने. पुण्याचे केळकर संग्रहालय किंवा अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय येथे जायचे तर परवानगीचा अर्ज फार आधी करावा आणि अर्जातच मागच्या बाजूचे छायाचित्र मागावे. खऱ्या पैठणीच्या पदरावर पाठीमागे लोंबते धागे दिसत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या जागेपुरता जाऊन शेजारच्या धाग्यात अडकून परततो. पुढून हुबेहूब दिसणारी जकार्डवरची नक्कल मागून लगेच उघडी पडते. पदर वाऱ्यावर उडण्याचा प्रसंग असेल तर ही मागची बाजू पडद्यावर दिसणारच आहे. जामदारखान्याच्या, म्हणजे मौल्यवान वस्त्रे ठेवण्याच्या कोठाराच्या, याद्या पेशवे दप्तरात मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस सोबत नसेल तर तिकडे फिरकू नये, वेळ फुकट जातो.

सुताविषयी एक गैरसमज फार पसरला आहे: जुने म्हणजे जाडेभरडे. त्या काळी सारे सूत हाताचे होते हे खरे, परंतु दरबारी पगडीचे सूत कातणारा हात कसलेला होता आणि त्याचा धागा गाठीगाठीचा नव्हता. बाजारात ‘हातकताईचा लूक’ म्हणून मिळणारे गाठाळ सूत शिपायांच्या आणि कुणब्यांच्या कपड्यांनाही जपूनच वापरावे. गिरणीचे सूत मात्र इतके एकसारखे असते की कॅमेऱ्याला ते निर्जीव दिसते, म्हणून बारीक नंबरचे खादीचे सूत शोधावे. पांढरे कापड लागणारच; त्याच्या सुताला पांढरेपणा वाढवणारे रसायन लागलेले नसावे, नाहीतर काही दिव्यांखाली धोतर निळसर चकाकते. जरीची तार खरी चांदीची घ्यायची की तांब्याची हे पैशांवर ठरेल, प्लास्टिकची मात्र नको: तिच्यावर उजेड टिकल्यांसारखा चमचमतो, तर चांदीच्या जरीवर तो मऊ पसरतो.

आता रंग. येथे सावकाश वाचावे. सगळ्या पोशाखांना लागणारे सूत एकाच वेळी, एकाच लॉटमध्ये रंगवून घ्यावे, आणि त्याच लॉटचे जादा सूत बाजूला काढून ठेवावे. मागच्या कामात एवढेच राहून गेले होते. आल किंवा मंजिष्ठेच्या मुळांपासून निघणारा लाल हा मुळाचे वय, पाण्यातील क्षार, हिरडा आणि तुरटीचे प्रमाण, ऊन या साऱ्यांवर ठरतो. तोच रंगारी, तेच भांडे आणि तीच कृती असूनही दुसऱ्या खेपेला तो लाल मिळत नाही. शेल्याचा एक काठ फाटला म्हणून नव्या लॉटमधून विणून घेतला, दुकानातील ट्यूबलाइटखाली दोन्ही लाल जुळले, आणि सेटवरच्या दिव्यांत नवा काठ विटकरी दिसू लागला. नैसर्गिक रंगाला रसायनी रंगाने जुळवायला जाल तर हा फरक आणखी वाढतो, कारण दोघांचे जुळणे एका विशिष्ट उजेडापुरतेच असते. म्हणून जादा सूत, त्याच लॉटचे. किती, असे निर्मिती व्यवस्थापक विचारेल. हिशेबाच्या निम्मे आणखी, असे सांगावे आणि वाद घालू नये. ते सूत काळ्या कापडात गुंडाळून, लॉटची चिठ्ठी बांधून, विणकराकडे नव्हे तर स्वतःच्या ताब्यात ठेवावे. विणकराकडे राहिलेले सूत दुसऱ्याच्या साडीत जाते आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मागाबाबत पन्ह्याकडे लक्ष द्यावे. आडवा धागा नेणारा धोटा हाताने फेकायचा तर कापडाची रुंदी हाताच्या पल्ल्याएवढीच राहते. त्यामुळे जाम्याच्या, म्हणजे घेरदार लांब अंगरख्याच्या, घेराला अनेक अरुंद कळ्या आणि पुष्कळ शिवणी येतात. चोपन्न इंची कापडातून बेतलेला जामा घोळदार होतो, पण खोटा दिसतो. शिंप्याला विणकराशी आधीच बोलायला लावावे. काठ मागावरच विणलेला हवा, वरून शिवलेला नको. हिमरू, म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेले नक्षीचे कापड, लागणार असेल तर औरंगाबादेचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, विणकर गाठावेत, आणि ताणा, म्हणजे उभे धागे, सुती व आडव्यात रेशीम ही मूळ रीत पाळली जाईल असे स्पष्ट सांगावे.

नमुन्याशिवाय पुढे जाऊ नये. हातभर तुकडा विणून तो धुवावा, मोजावा, मग छायाचित्रणकाराकडे न्यावा. हातमागाचे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा पाच ते दहा आटू शकते, आणि खळ निघून गेल्यावर त्याची घडीही निराळी पडते. बारीक रेघांचे आणि चौकटीचे कापड डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखे थरथरते. ते सेटवर कळून उपयोग नाही. दिवसाच्या उजेडात, एलईडीखाली आणि समईच्या उजेडासाठी लावणार त्या दिव्याखाली असे तीनदा पाहावे.

मोजमापात बहुतेकांची गल्लत होते ती माणसे मोजण्यात. नायकाचा एक अंगरखा म्हणजे एक अंगरखा नव्हे. साहसदृश्यांतील डमीचा एक, चिखलात आणि रक्तात माखवायचा एक, आणि संकलनानंतर निघणाऱ्या पॅचवर्कसाठी, म्हणजे राहिलेले तुकडे पुन्हा चित्रित करण्यासाठी, एक. हे चारही एकाच ताण्यावरून उतरले पाहिजेत. ताण्याचे शेवटचे टोक विणता येत नाही, तेही हिशेबात धरावे. आणि पॅचवर्क निघाले की मगच आठवण येते, म्हणून पुन्हा लिहितो: त्याच लॉटचे जादा सूत ताब्यात आहे का, हे ताणा चढवण्याच्या दिवशी डोळ्यांनी पाहून घ्यावे. फोनवर ‘आहे, आहे’ हे उत्तर धरू नये.

सेटच्या कापडाला एवढे लाड नकोत. लोड, तक्क्ये, गाद्यांच्या खोळी, कनाती आणि दूरचे पडदे यांना इचलकरंजी किंवा मालेगावच्या यंत्रमागाचे जाड सुती कापड चालते, रंग तेवढा मारून घ्यावा. कॅमेरा हातभर अंतरावर येणार असेल त्या गादीचे आणि त्या चवरीच्या मुठीवरचे कापड तेवढे हातमागाचे.

वेळेचे गणित पावसाळा सोडून करावे. खड्ड्याच्या मागात पाणी साचते, खळ दिलेला ताणा वाळत नाही, आणि निळीचे पिंप थंडीत मंदावते ते निराळेच. भरलेल्या पदराच्या पैठणीला महिने लागतात. येवल्याचा विणकर दोन आठवड्यांत देतो म्हणाला तर तो दुसरीच वस्तू देणार आहे असे समजावे.

पुढचे थोडक्यात. शिलाई हाताची, निदान दिसणारी तरी. कापड जुने दिसावे म्हणून चहात बुडवणे, घासणे वगैरे नमुन्यावर करून मगच पोशाखावर करावे, जरीवर अजिबात करू नये. प्रत्येक नगावर दृश्य क्रमांक आणि लॉटची चिठ्ठी लावावी. जरीचे कापड मलमलीत गुंडाळावे, घड्या बदलत राहाव्यात, डांबरगोळ्या आणि अत्तर दूर ठेवावे. विणकराला निम्मे पैसे आधी आणि उरलेले कापड मागावरून उतरेल त्या दिवशी द्यावेत, चित्रपट लागेपर्यंत थांबू नये. जादा सुताची पेटी मात्र चित्रपट लागेपर्यंत उघडू नये.