शेवटचा दिवा मंद का पडतो? लो-व्होल्टेज एलईडी बसवताना या चुका टाळा

फॉल्स सीलिंगवरून २३० व्होल्टऐवजी ४८ व्होल्टची डीसी किंवा सरळ नेटवर्कची केबल फिरवायची आणि प्रत्येक दिवा संगणकावरून मंद-तेज करायचा, ही पद्धत मला मनापासून पटलेली आहे. शिडीवर चढलेल्या पोराला शॉकचा धोका फार कमी होतो. वीज आणि आदेश एकाच केबलनं जातात, कुठला दिवा किती तास जळला ते कळतं, रिकाम्या मीटिंग रूममधला उजेड आपोआप उतरतो. पण काम २३० व्होल्टच्या सवयीनं केलं की यातलं फारसं काही पदरात पडत नाही.

सगळ्यात मोठी चूक वायरच्या जाडीची. वॉट तेवढेच ठेवून व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढतात. पाच मीटरची, मीटरला १४.४ वॉटची एलईडी पट्टी घ्या. एकूण ७२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. एसएमपीएस (२३० व्होल्टची कमी व्होल्टची डीसी करणारा डबा) दहा मीटर लांब आणि मधे दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रोध साधारण पाव ओहम. दीड व्होल्ट वाटेतच गेले, पट्टीला मिळाले साडेदहा! तीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर ३ अँपिअर, वाटेतला ड्रॉप (घट) पाऊण व्होल्ट आणि वायर तापवण्यात वाया जाणारी वीज एक चतुर्थांश.

पुण्यातल्या एका ऑफिसात शेवटची पट्टी मंद दिसते म्हणून वायरमननं एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवले. शेवटची उजळली खरी, पण जवळच्या पट्ट्यांना हात लावला तर चटका बसत होता आणि काही महिन्यांत त्यांचे तुकडे-तुकडे बंद पडले. असं करू नका. पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या, वायर जाड घ्या किंवा एसएमपीएसच जवळ आणा.

मोजायचं ते मल्टीमीटरनं, दिवे पूर्ण तेजावर असताना, शेवटच्या दिव्यापाशी. लोड नसताना सगळीकडे भरपूर व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. खिशातला निऑनचा टेस्टर इथे पेटतच नाही. ‘सप्लायच नाही’ म्हणून चांगली वायर कापलेली मी स्वतः पाहिली आहे.

नेटवर्क केबलवरच दिवे चालवणार असाल तर केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो आणि जुडीत बांधली की ती आणखी तापते. नेटवर्क स्विचपासून, म्हणजे या केबलींना वीज आणि आदेश देणाऱ्या पेटीपासून, दिव्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा पाळा. २४ पोर्टच्या (केबल लावायच्या खाचांच्या) स्विचवर ‘पोर्टला ३० वॉट’ लिहिलेलं असलं तरी एकूण बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून देता येणारी वीज, ३७० वॉट असेल, तर सगळे पोर्ट भरल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पंधराच येतात. मग शेवटी लावलेले दिवे लागतच नाहीत आणि दोष दिव्यांच्या माथी जातो.

डाली (DALI) म्हणजे दिव्यांना मंद-तेज करण्याचे आदेश दोन वायरींवरून पाठवायची पद्धत. तिच्या वायरींवर जेमतेम १६ व्होल्ट असतात, म्हणून लोक त्या बिनधास्त उघड्या हाताळतात. तसं करू नका. डालीचं इन्सुलेशन शॉकपासून वाचवण्याच्या दर्जाचं धरलेलं नाही, तिला मेन्सच्या वायरीइतकाच मान द्या.

मोशन सेन्सर एसीच्या झोतासमोर नको. टॉयलेटमध्ये एकच सेन्सर दाराशी लावला तर पार्टिशनच्या आड बसलेला माणूस त्याला दिसत नाही आणि बिचारा अंधारात राहतो.

नेटवर्क स्विच बंद पडला की त्याच्यावरचे सगळे दिवे गेले. त्याला यूपीएस द्याच, पण जिन्यातले आणि बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे स्वतःच्या बॅटरीवर वेगळे ठेवा. दिव्यांना आदेश देणाऱ्या कंट्रोलरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. कुठला दिवा कुठल्या पोर्टवर आहे त्याचा नकाशा लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, कारण दोन वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस तुम्ही नसाल.