घरबसल्या रोबोटिक्स शिकायचंय? लेक्चर आणि स्वस्तातला रोबो सोबत चालवा

रोबोटिक्स आज फुकटात शिकता येतं, तेही जगातल्या भारी प्राध्यापकांकडून, पण बरेच जण सुरुवातच अवघड कोर्सने करतात आणि तिसऱ्या लेक्चरला सोडून देतात. स्टॅनफर्डच्या उसामा खतीब सरांची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत, ती सुंदरच आहेत, पण त्यात मुख्यतः रोबोटिक हाताचं गणित आहे, मॅट्रिक्सवर मॅट्रिक्स, आणि तसा हात घरी बनवणं स्वस्तात जमत नाही. म्हणून ती नंतर.

पहिला कोर्स घ्या 'कंट्रोल ऑफ मोबाइल रोबॉट्स'. तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये शिकवणाऱ्या मॅग्नस एगरस्टेट यांनी २०१३ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर सुरू केलेला, व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात. यात शिकवलेला दोन चाकांचा रोबो म्हणजे थेट आपल्याला बाजारात मिळणारी गाडीच. गणित बारावीचं, साइन-कोसाइन आणि डेरिव्हेटिव्ह, शिवाय थोडे मॅट्रिक्स. मराठी मीडियमवाल्यांनी अजिबात घाबरू नका, सबटायटल चालू करा, स्पीड ०.७५ ठेवा आणि शब्द अडला की थांबवून वहीत लिहा, आठवडाभरात कान सरावतो.

आता सामान. आर्डुइनो उनो, म्हणजे कोड टाकून मोटर चालवायचा छोटा बोर्ड (क्लोन चालेल), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर), ६५ मिमीची चाकं, पुढे कॅस्टर (सगळीकडे वळणारं छोटं चाक), चासी (गाडीचा सांगाडा), मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या सांगण्यावरून मोटरला करंट देणारं सर्किट), आणि चाकाचे फेरे मोजायला २० खाचांच्या दोन एन्कोडर चकत्या सेन्सरसकट. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, नाहीतर ऑनलाइन. एन्कोडर बहुतेक जण पैसे वाचवायला टाळतात, ते करू नका, कारण चाक किती फिरलं हे कळलं नाही तर लेक्चरमधलं काहीच तपासता येत नाही.

दोन गोष्टी इथेच सांगतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला लावू नका, ती तेवढा करंट देऊच शकत नाही, मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि आर्डुइनो रिसेट होतो, मग लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. १८६५० चे (चार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये घ्या, प्रोटेक्शन सर्किटसकट. आणि एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यापेक्षा टीबी६६१२ बरा. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.

गाडी जोडून झाली की लगेच लाइन फॉलोअरच्या (जमिनीवरच्या रेषेवरून चालणाऱ्या गाडीच्या) मागे लागू नका. आधी डिफरन्शियल ड्राइव्हचं (दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळायचं) लेक्चर बघा आणि पट्टी घेऊन दोन चाकांच्या मधल्या रेषांमधलं अंतर मोजा. समजा १३ सेंमी आलं. जागच्या जागी ९० अंश वळायचं तर एक चाक पुढे, एक मागे, आणि प्रत्येकाने १३ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचा पाव भाग कापायचा, म्हणजे १०.२ सेंमी. ६५ मिमी चाकाचा घेर २०.४ सेंमी, म्हणजे चाकाने बरोबर अर्धा फेरा घ्यायचा, १० खाचा. दोन्ही सेन्सर उनोच्या २ आणि ३ नंबर पिनला लावा, इंटरप्ट (खाच आली की हातातलं काम थांबवून लगेच मोजायची सोय) तिथेच मिळतात, १० मोजून झाले की मोटर बंद.

फरशीवर खडूने चौकोन काढा आणि एक मीटर सरळ, मग ९० अंश, असं चारदा करायला लावा. गाडी सुरुवातीच्या खुणेवर परत येणार नाही. मोटर बंद केल्यावरही चाक थोडं पुढे घरंगळतं, दोन मोटरींचा वेग सारखा नसतो, गुळगुळीत फरशीवर चाक घसरतं, आणि वळताना झालेली थोडीशी चूक पुढच्या मीटरभर अंतरात वाढत जाते. ही चूक मोजून वहीत लिहा, उजवीकडून आणि डावीकडून दोन्ही चौकोन करा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण फीडबॅक, म्हणजे चाक खरंच किती फिरलं ते मोजून चूक सुधारत राहणं, कशाला लागतो ते इथे डोळ्यांनी दिसतं, आणि मग एगरस्टेट पीआयडीबद्दल (अशी चूक सुधारायच्या नेहमीच्या पद्धतीबद्दल) बोलतात तेव्हा ते पाठ करावं लागत नाही.

मग पीआयडी. पी म्हणजे आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती, आय म्हणजे साठत आलेल्या चुकीची, डी म्हणजे चूक किती वेगाने बदलतेय त्यावरून. दोन्ही चाकांच्या खाचांमधला फरक म्हणजे एरर, आधी फक्त पी लावा, वाढवत न्या, गाडी हेलकावे खायला लागली की थोडं कमी करून डी घाला, आय सगळ्यात शेवटी. लाइन फॉलोअरवर हेच करायचं असेल तर पाच सेन्सरची पट्टी घ्या, दोन सेन्सरवर रेष किती सरकली ते धड कळत नाही.

सध्या पैसे नसतील तर थांबू नका. वेबॉट्स हा सिम्युलेटर २०१८ पासून ओपन सोर्स आणि फुकट आहे, त्यात ई-पक नावाचा दोन चाकांचा रोबो तयार मिळतो, त्याच्यावर चौकोन चालवा.

हे जमलं की केविन लिंच आणि फ्रँक पार्क यांचं 'मॉडर्न रोबोटिक्स' घ्या, पुस्तकाची पीडीएफ लेखकांनीच फुकट ठेवलीये, छोटे व्हिडिओही आहेत, आणि त्यात चाकांच्या रोबोंवर वेगळं प्रकरण आहे, तिथून सुरुवात करा. वहीतले चौकोनाचे आकडे तेव्हा सोबत ठेवा, ओडोमेट्रीच्या (चाकांच्या फेऱ्यांवरून गाडी कुठे आहे ते काढायच्या) भागात लागतील.