अंगणातून तारे टिपताय? गोव्याच्या दमट हवेत या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात पुण्यात लेकीचे दिवस भरत आले होते. इकडे डिचोलीत आम्हा दोघांना झोप कुठली? अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी ट्रायपॉड मांडला, कॅमेरा मृग नक्षत्राकडे वळवला आणि फोन खिशात घेऊन फेऱ्या घालत राहिलो. मध्यरात्रीनंतर जावयांचा फोन आला, मुलगी झाली. जन्मरात्रीचं आकाश नातीला द्यायचं म्हणून सकाळी फोटो उघडले, तर तीनशेपैकी पहिले शंभरच स्वच्छ. पुढचे सगळे तारे पिंजलेल्या कापसासारखे. लेन्सवर दव बसलं होतं.

निवृत्तीनंतर या छंदाकडे वळणारे बरेच जण भेटतात. बहुतेकांचा राग कॅमेऱ्यावर असतो, आणि दोष असतो हवेचा.

दव वरून पडत नाही. निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडते, भोवतालच्या हवेहून थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. आपल्याकडे हवा आधीच ओली, त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरकही पुरतो. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळून पॉवर बँकेला जोडा, आणि तो पहिल्या फोटोआधीच सुरू करा. काच एकदा धूसर झाली की पट्टा ती हळूहळूच सुकवतो. धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसणं तर नकोच; धूळ घासली जाते आणि दव पाच मिनिटांत परत येतं. दर पंधरा मिनिटांनी लाल टॉर्च तिरका धरून काच पाहा. फोन आला तरीही पाहा, हे मी त्या रात्री शिकलो.

याच्याच जोडीची चूक म्हणजे एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात आणणं. थंड कॅमेऱ्याला बाहेरची हवा लागताच तो घामेजतो. बॅग बंद ठेवून तासभर पडवीत राहू द्या, मगच उघडा.

ध्रुवताऱ्याचा गोंधळही असाच. शिकवणारे व्हिडिओ बहुतेक युरोप-अमेरिकेतले, तिथे ध्रुव चांगला वर असतो. गोवा सुमारे साडेपंधरा अक्षांशावर, म्हणून आपला ध्रुव क्षितिजापासून तेवढेच अंश वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. म्हणजे दीड मूठ. माडांच्या झावळ्यांत तो सहज हरवतो. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, वापरणार असाल तर त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो; म्हणून उत्तरेला मोकळी जागा आधी शोधा. ट्रॅकर नसेल तर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा, असा ढोबळ नियम आहे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी फोकल लेंग्थला दीडने गुणायचं. २४ मिमी लेन्सला १४ सेकंद येतात. मी १० वरच थांबतो, कारण मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळ) असल्याने तिथले तारे सर्वात वेगाने सरकतात.

ध्रुव खाली असल्याचं दुःख मात्र करू नका. त्याच कारणाने दक्षिणेचा अगस्त्य इथे ठसठशीत दिसतो आणि एप्रिल-मेमध्ये त्रिशंकूही वर येतो. लंडनच्या अंगणातून हे दोन्ही कधीच दिसत नाहीत.

फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा.

रात्र निवडताना कालनिर्णय जवळ ठेवा, पण दिवाळीच्या अमावस्येला फसू नका. नरकासुराचे पुतळे जाळल्याचा धूर, फटाके, घरोघरी आकाशकंदील. तेव्हा घरच्यांबरोबर बसावं. पुढची कार्तिक अमावस्या खरी आपली. त्या दिवशी लग्नमुहूर्तही सहसा नसतात, त्यामुळे कुठल्या भाच्याच्या लग्नाला जायचं चुकवावं लागत नाही.

सत्तरी तालुक्यात बहिणीकडे जातो तेव्हा आकाश डिचोलीपेक्षा कितीतरी काळं मिळतं. पण अंधारात अनोळखी जागी पाय ठेवण्याची चूक आपल्या वयात करू नये. उजेडात जागा पाहून या, पायात गमबूट घाला. घोणस पाचोळ्यात दिसत नाही, आणि गव्याची वाट कुठून जाते ते गावकऱ्यांनाच ठाऊक. ट्रायपॉडच्या पायांना चकाकणारी पट्टी लावा. त्याला अडखळून पडणं मी एकदा भोगलं आहे.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडला की लेन्सला बुरशी धरते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय नको, त्याची पूड आत जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत आहे ना हे छोट्या मापकावर बघा.

आणि फसलेल्या रात्रीचे फोटो रागाने पुसू नका. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर अनेक फोटो एकावर एक रचतं. शंभर रचले की नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे रवाळ ठिपके, एका फोटोच्या सुमारे एक दशांश उरतो. नातीचे ते पहिले शंभर मी तसेच रचले. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ गुलाबी उमटला. बारशाला तो छापून नेला, आता तिच्या पाळण्यासमोरच्या भिंतीवर आहे.