केटर्ड शॅले बुक करताय? स्टाफची सुट्टी कधी ते आधी विचारा

मेरिबेल, कूर्शव्हेल, व्हाल दिझेर, नाहीतर स्वित्झर्लंडचं व्हर्बिए, आल्प्समध्ये कुठेही केटर्ड शॅले (डोंगरातलं भाड्याचं घर, जिथे स्टाफ स्वयंपाक करून देतो) बघत असाल तर पैसे भरायच्या आधी विचारा की स्टाफची सुट्टी कुठल्या दिवशी. पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता, स्की करून परतलात की चहा-केक, रात्री तीन कोर्सचं जेवण आणि सोबत वाइन असं सगळं असतं, आणि ते मिळतंही, पण सातही रात्री नाही. आठवड्यातून निदान एक दिवस होस्टना, म्हणजे या स्टाफला, सुट्टी असते, बऱ्याचदा बुधवार किंवा गुरुवार, त्या रात्री स्वयंपाकघर बंद आणि नाश्ता असलाच तर आपला आपण मांडून घ्यायचा. बुकिंगच्या कागदात हे लिहिलेलं असतं, पण एका ओळीत. आमच्याकडून ती ओळ सुटली, आणि दिवसभर स्की करून थकलेली लहान मुलं घेऊन बर्फातून हॉटेलं पालथी घालायची वेळ आली, सगळीकडे टेबलं भरलेली. म्हणून शॅले कन्फर्म झालं की त्याच आठवड्यात त्या रात्रीचं टेबल बुक करा. तिथे पोचल्यावर बघू असं अजिबात म्हणू नका, कारण गावातल्या सगळ्या शॅलेंची सुट्टी साधारण त्याच एक-दोन दिवशी असते आणि सगळे एकदमच बाहेर पडतात. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना सुट्ट्या असतात, त्या आठवड्यांत तर विचारूच नका.

आता बाकीचं. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नसतं, ते डोंगरावरच्या रेस्टॉरंटमध्ये खायचं आणि तिथे महाग पडतं, तेव्हा बजेटमध्ये धरा. लिफ्ट पास (उतारांवर वर नेणाऱ्या केबल-लिफ्टचं तिकीट), स्की-बूट भाड्याने, क्लास, इन्शुरन्स हे सगळंही वेगळं, आणि बेरीज केली की शॅलेच्या रकमेइतकीच वाटायला लागते. लिफ्ट पास घेताना डोकं वापरा, थ्री व्हॅलीजमध्ये (मेरिबेल, कूर्शव्हेल वगैरे जोडलेला स्की एरिया) 600 किलोमीटर उतार आहेत पण पहिल्यांदाच स्की करणारा माणूस आठवडाभर दोन-तीन सोप्या उतारांवरच असतो, त्याला सगळ्या एरियाचा पास कशाला? दुकानात स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, लावायला उंची, वजन, बुटाचा नंबर विचारतात, सगळ्यांचं आधीच लिहून ठेवा, वजन खरं सांगा. कमी सांगितलं तर बाइंडिंग नको तेव्हा सुटतं आणि जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटत नाही, मग गुडघा जातो. लहान मुलांचे क्लास आधीच बुक करा, तेही भरतात.

इन्शुरन्सबद्दल जरा थांबून वाचा. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतं, ते घेतलं म्हणजे झालं असं वाटतं, पण अशा कितीतरी पॉलिसींमध्ये विंटर स्पोर्ट्स वगळलेले असतात. उतारावरून स्लेजने खाली आणायचे पैसे फ्रान्समध्ये तुमच्याकडून घेतात, हेलिकॉप्टर तर सोडाच. पॉलिसीत 'विंटर स्पोर्ट्स' आणि 'रेस्क्यू' हे दोन्ही शब्द दिसेपर्यंत पैसे भरू नका. आणि विमान स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला उतरत असलं तरी राहणार फ्रान्समध्ये असाल तर व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे करायचा, जिथे मुक्काम जास्त तो देश.

शॅले पूर्ण तुमचं आहे की इतर लोकही असणार ते विचारा. अख्खं घेतलं तर रिकाम्या बेडचेही पैसे भरायला लागतात, शेअरिंगमध्ये अनोळखी लोकांसोबत एकाच टेबलावर जेवायचं असतं, बऱ्याच जणांना ते आवडतं, ज्यांना नाही त्यांनी आधीच ठरवावं. बाथरूम खोलीला लागून आहे का, लिफ्टपर्यंत चालत किती मिनिटं, हे नकाशा उघडून बघा, 'लिफ्टच्या जवळ' या शब्दांवर जाऊ नका, स्कीचे बूट घालून दहा मिनिटंही फार वाटतात. शाकाहारी असाल, ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आठवड्याचा मेन्यू आणि सामान आधीच ठरलेलं असतं. अंडं, मासे, जिलेटिन चालतं की नाही हे एकेक करून लिहा, नुसतं 'व्हेज' लिहिलं तर प्रत्येक जण आपल्या मनाने अर्थ लावतो.

आणि ते सुट्टीच्या रात्रीचं टेबल? केलं बुक? नसेल तर आत्ता करा, मग पुढे वाचा.

बॅगेत हेल्मेट, गॉगल, सनस्क्रीन, वॉटरप्रूफ हातमोजे, हे सगळ्यांना माहीत असतं. घरात घालायच्या चपला विसरू नका, बाहेरचे बूट खालच्या बूट रूममध्येच काढायचे असतात. हॉट टब असेल तर स्विमसूट.

शनिवारी बहुतेक शॅलेंमधले पाहुणे बदलतात म्हणून खालून रिसॉर्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, जिनिव्हाहून थ्री व्हॅलीजला एरवी अडीच तास, शनिवारी कितीही, परतीचं विमान त्या हिशोबाने घ्या. पोचायच्या दिवशी खोली दुपारी उशिरा मिळते, निघायच्या दिवशी सकाळी लवकर सोडायची. टिपसाठी थोडे युरो सुटे ठेवा. आणि टेबल बुक केल्याचा ईमेल फोनमध्ये सेव्ह करा, आदल्या दिवशी रेस्टॉरंटला फोन करून परत कन्फर्म करा.