टोमॅटो-मिरचीचे रोप मान टाकते तेव्हा: या चुका टाळा

बी उगवून दहा-बारा दिवस झालेले टोमॅटोचे किंवा मिरचीचे रोप एखाद्या सकाळी मलूल दिसले, की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या झारीकडे जातो. माझ्या अनुभवात हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पाणी कमी पडलेले रोप आणि पाणी जास्त झालेले रोप वरून पाहता जवळजवळ सारखेच दिसते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळे गुदमरतात, पाणी शोषण्याचे त्यांचे काम मंदावते आणि भरपूर ओलाव्यात उभे असलेले रोप तहानेने मान टाकते. त्याला आणखी पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजण्यासारखे आहे.

म्हणून निदान पानापासून नव्हे, मातीपासून सुरू करावे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, कारण त्याचा वरचा थर फिकट तपकिरी होऊन कोरडा दिसू लागतो, तेव्हाही खालचा भाग पिळला तर पाणी निघेल इतका ओला असू शकतो. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती स्थिती कुंडीतही तितकीच खरी आहे: मूठभर माध्यम (माती किंवा कोकोपीट) मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, बोटांमधून पाणी ठिबकू नये आणि अंगठ्याने टोचताच गोळा फुटावा. रोज माती उकरणे अर्थातच शक्य नसते, तेव्हा रोप लावलेला पेला हातात उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावून घ्यावी. नुकते पाणी घालून निथळलेला पेला आणि सुकत आलेला पेला दोन्ही तळहातांवर एकदा ठेवून पाहिले, की तो फरक कायमचा लक्षात राहतो.

शंका उरलीच, तर एका रोपाचा मुळांसह गड्डा अलगद बाहेर काढून पाहावा. निरोगी मुळे पांढरी आणि टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी पडलेली असतात आणि चिमटीत धरून हलकेच ओढल्यास त्यांची बाहेरची साल निसटून हातात येते व मागे केवळ दोऱ्यासारखा बारीक गाभा उरतो. बरीच मुळे पांढरी असतील, तर रोप वाचण्याची आशा चांगली आहे. अशा वेळी पेल्याखालची ताटली काढून टाकावी, तळाची छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे, रोप उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवावे आणि पेला हलका लागेपर्यंत पाण्याला हात लावू नये. सुधारणा जुन्या पानांवर शोधू नये, कारण पिवळी पडलेली पाने बहुधा परत हिरवी होत नाहीत. शेंड्यातून नवे, ताज्या रंगाचे पान निघू लागले, की मुळे कामाला लागली असे समजावे.

रोप मातीलगत एकाएकी आडवे झाले असेल, तर मात्र प्रकार वेगळा आहे. खोडाचा तळ पाणीदार, बारीक आणि चिमटल्यासारखा दिसत असेल, तर तो मर रोग होय. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतील रोगकारकांमुळे तो होतो आणि कोलमडलेले रोप सहसा उठत नाही. ते भोवतालच्या मातीसह काढून टाकावे, उरलेल्या रोपांचे पाणी तोडावे, त्यांच्यात मोकळी हवा खेळू द्यावी. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी पेरणीपूर्वी माध्यमात मिसळल्यास प्रतिबंधासाठी उपयोगी पडते, पण रोप पडल्यावर ते ओतून काही साधत नाही. दाट पेरणी, न धुतलेले जुने ट्रे आणि उगवणीनंतरही तसेच राहिलेले प्लॅस्टिकचे झाकण, या तीन गोष्टी या रोगाला आमंत्रण देतात. झाकणाचा अपराध माझ्याही हातून घडला आहे. कोंब दिसू लागल्यावर दोन दिवसांनी काढू म्हणून ठेवलेले झाकण पाचव्या दिवशी उचलले, तेव्हा अर्धा ट्रे झोपलेला होता.

उंच, फिकट आणि एका बाजूला झुकलेले रोप उजेडाअभावी तसे होते. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरेसा असतोच असे नाही. दिवा लावत असाल, तर 14 ते 16 तास पुरेत. रात्रंदिवस प्रकाश दिल्यास टोमॅटोच्या पानांवर पिवळेपणा येतो. लांबलेले टोमॅटो दुसऱ्या पेल्यात हलवताना बीजदलांपर्यंत, म्हणजे बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत, मातीत गाडता येते, कारण त्याच्या खोडाला सहज मुळे फुटतात. मिरचीच्या बाबतीत त्याचा तितका भरवसा नाही. हलवताना रोप पानाला धरावे, खोडाला नव्हे. पान तुटले तर दुसरे येते, पण खोड चेमटले तर रोप गेले. आणि थेट मोठ्या कुंडीत लावण्याचा मोह टाळावा, कारण चार मुळांना पिऊन न संपणारे पाणी तेवढ्या मातीत दिवसेंदिवस साचून राहते.

खताविषयी थोडक्यात. पहिली खरी पाने येईपर्यंत रोप बियांत साठवलेल्या अन्नावर आणि बीजदलांवर जगते, त्याला खताची घाई नसते. त्यानंतरही पाकिटावरील मात्रेच्या चौथ्या भागापासून सुरुवात करावी. पानांच्या कडा करपल्या असतील आणि मातीवर पांढरी पापुद्री दिसत असेल, तर क्षार साचले आहेत असे समजून साध्या पाण्याने माती एकदा धुऊन पूर्ण निथळू द्यावी. तीन-चार खरी पाने आल्यावर बीजदले पिवळी पडून गळणे हा रोग नव्हे.

पानांची खालची बाजू जांभळी झाली, की फॉस्फरसचे खत टाकण्याचा सल्ला लगेच मिळतो. पण थंड मातीत, साधारण 15 अंश सेल्सिअसच्या खाली, मातीत असलेला फॉस्फरसही मुळांना नीट उचलता येत नाही. ट्रे थंड फरशीवरून उचलून उबदार जागी ठेवल्यास नवी पाने अनेकदा आपोआप हिरवी येतात. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोह मिळत नसते, आणि पाणी जड (क्षारयुक्त) असल्यास मातीचा सामू (पीएच) वाढला आहे का ते तपासावे. या रोपांना 6 ते 6.8 सामू मानवतो.

घरात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवल्यास पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात. सात ते दहा दिवस उन्हाची वेळ थोडी थोडी वाढवत न्यावी. कोणताही उपाय करताना मात्र एका वेळी एकच बदल करून दोन-तीन दिवस थांबावे, अन्यथा पाणी तोडल्याने रोप सुधारले की जागा बदलल्याने, हे पुढच्या वेळी सांगता येणार नाही. शेंडा काळा पडला असेल आणि खोड मातीलगत मऊ झाले असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. ट्रे धुऊन उन्हात वाळवावा आणि नवे बी टाकावे.