मालिका आणि विनोदी चित्रपटांबद्दलचे मत कसे लिहावे

मालिका किंवा चित्रपट पाहून झाल्यावर जेवणाच्या पानावर आपण जे बोलतो ते बहुधा नेमके असते आणि तेच लिहायला बसलो की गुळमुळीत होऊन जाते. 'ती दार उघडून आत आली तेव्हाच मला कळलं की कागद हिनेच पळवलेत' असे म्हणणारा माणूस लिहिताना मात्र 'कथानकात नावीन्याचा अभाव जाणवला' असे वाक्य लिहितो आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे मत लिहिण्याआधी एक प्रसंग लिहून काढावा. कोण कुठे उभे होते, काय म्हणाले आणि त्या क्षणी आपल्याला हसू आले, कंटाळा आला की राग आला, एवढे चार-पाच ओळींत मांडावे आणि मग त्याचे कारण शोधायला बसावे.

विनोदी चित्रपटाच्या बाबतीत हे कारण शोधणे फार मजेचे असते. १९८८ सालचा सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' मी अलीकडेच कितव्यांदा तरी पाहिला. त्यात अशोक सराफ यांचा धनंजय माने साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची ओळख 'हा माझा बायको' अशी करून देतो. इथला हशा 'बायको' या शब्दाला नसून त्याआधीच्या दोन पुल्लिंगी शब्दांना आहे. मराठीत 'हा' म्हणायचे की 'ही', हे बोलणाऱ्याला वाक्याच्या पहिल्याच अक्षराला ठरवावे लागते. माने गडबडीत डोळ्यांना दिसणारे सोडून मनात पक्के असलेले बोलून जातो आणि नंतर येणारा 'बायको' हा शब्द ती चूक झाकण्याऐवजी उघडी पाडतो. हा चित्रपट हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला आहे, हे परीक्षणात जरूर लिहावे, परंतु तेवढ्यावरून 'उसना विनोद' असा शिक्का मारू नये. हिंदीतल्या 'ये'ला लिंगच नसल्यामुळे वाक्याच्या पहिल्या अक्षराचा धक्का तिथे बसणे शक्य नव्हते. तो इथल्या भाषेतून आला आहे. कथानक उसने असले तरी विनोद घरचा असू शकतो आणि हा भेद दाखवता आला तर आपले मत वाचण्याजोगे होते.

चित्रपट कुठे आणि कसा पाहिला, हेही एका वाक्यात सांगून टाकावे. एका विनोदी चित्रपटाला मी मध्यंतरी अगदी कोरडा ठरवले होते, कारण तो रात्री अकरानंतर कानांत इअरफोन घालून, मधूनमधून येणारे संदेश वाचत मोबाइलवर पाहिला होता. पुढे तोच चित्रपट भावंडांबरोबर दिवाणखान्यात बसून पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आले की संवादांच्या मधे सोडलेल्या ज्या रिकाम्या जागा मला रेंगाळलेल्या वाटल्या होत्या, त्या प्रेक्षकांच्या हशासाठी राखलेल्या होत्या. (माझे आधीचे मत वाचून चित्रपट न पाहिलेल्या दोघांची मी नंतर माफी मागितली.)

सगळ्याच विनोदांना हशे मोजण्याचे माप लावू नये. परेश मोकाशी यांच्या २०२३ सालच्या 'वाळवी'मध्ये पत्नीचा खून आत्महत्या भासावा अशी योजना आखली जाते आणि काटेकोर आखलेला तो बेत बारीकसारीक गोष्टींना अडखळत जातो. तो पाहताना मी खदखदून फारसे हसलो नाही, पण आपण कोणाच्या बाजूने काळजी करतो आहोत हे ध्यानात आल्यावर ओशाळलो. आणि माझ्या मते त्या चित्रपटाला तेच साधायचे आहे. अशा चित्रपटांबद्दल लिहिताना झलकीत जेवढे दाखवले आहे तेवढेच कथानक सांगावे. शेवट हातचा राखूनही त्यावर मत देता येते: तो आधी पेरलेल्या गोष्टींतून आला की आयत्या वेळी आणून ठेवला, एवढे सांगितले तरी पुरते.

मालिकेचे गणित वेगळे आहे आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. रोजच्या मालिकेला चित्रपटाच्या बांधेसूदपणाची अपेक्षा लावली तर एकही मालिका उत्तीर्ण होणार नाही. अर्ध्या तासाच्या भागात प्रत्यक्ष कथा साधारण वीस-बावीस मिनिटांची असते, आठवड्याला असे पाच-सहा भाग द्यावे लागतात आणि दर आठवड्याच्या टीआरपीकडे पाहून पुढचा ट्रॅक, म्हणजे कथेतला एखादा धागा, लांबतो किंवा गुंडाळला जातो. तेव्हा 'पाणी घातले आहे' एवढेच न म्हणता ते कुठे घातले आहे ते दाखवावे. मी एकदा एक भाग घड्याळ लावून पाहिला. सासूच्या एका वाक्यानंतर सात जणांचे चेहरे, त्यांतील सुनेचा तीनदा, अशा दृश्यात अठ्ठेचाळीस सेकंद गेले आणि त्या अवधीत कोणालाही नवी गोष्ट कळली नाही. एवढे नोंदवल्यावर मला विशेषण वापरण्याची गरज उरली नाही.

उलट जिथे मालिकेने आपल्या लांबीचा उपयोग करून घेतला आहे, तिथे तेही मोकळेपणाने लिहावे. 'रात्रीस खेळ चाले'च्या २०१६ सालच्या पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते आणि २०१९ साली आलेले दुसरे पर्व त्याच अण्णांचा भूतकाळ सांगते. अण्णांचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे उत्सुकता कसे आणि का झाले याकडे वळते, आणि म्हणूनच माधव अभ्यंकर यांचे अण्णा नुसते चालत आले तरी अंगणात तणाव येतो. मला भुताखेतांच्या प्रसंगांपेक्षा हे फार परिणामकारक वाटले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका मात्र या मापाने मोजूच नये. ती साप्ताहिक होती, घरातला एखादा लहानसा पेच बहुधा त्याच भागात सुटत असे आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आबांना दर संध्याकाळी कोणाला तरी रडवण्याची सक्ती नव्हती. तिची आठवण काढून आजच्या मालिकांना नावे ठेवणारे बरेच भेटतात. त्यांनी निदान दोन्हींच्या वेळापत्रकातला फरक तरी नमूद करावा.

बोलीविषयी लिहिताना विशेष जपावे. एका मालिकेतली कोल्हापुरी ओढूनताणून आणलेली आहे असे मी ठामपणे लिहिले होते. त्यावर कागलच्या एका परिचित काकूंनी मला शांतपणे विचारले, 'तुम्ही कोल्हापुरात किती दिवस राहिलात?' उत्तर होते, देवदर्शनापुरते दोन. आपली नसलेली बोली पात्राला शोभते का एवढेच आपण सांगावे आणि ती खरी आहे की नाही हे ती बोलणाऱ्यांवर सोडावे. तसेच खलनायिकेचा राग ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीवर काढू नये. भूमिकेतला कलाकार मधेच बदलला असेल, तर आपले मत कोणाच्या कामाविषयी आहे हे स्पष्ट करावे.

लिहून झाल्यावर नावे श्रेयनामावलीतून पडताळून घ्यावीत, कारण लेखक, संवादलेखक आणि दिग्दर्शक यांची सरमिसळ फार लवकर होते. मालिकेच्या बाबतीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे भाग पाहिले आणि मधले किती सुटले, हे पहिल्याच ओळीत द्यावे, कारण महिनाभराने मालिकेत लीप, म्हणजे कथेने एकदम काही वर्षे पुढे मारलेली उडी, आलेला असतो आणि ज्या सुनेच्या सोशिकपणावर आपण दोन परिच्छेद खर्च केलेले असतात, ती एव्हाना कंपनीची मालकीण झालेली असते.